निवांतपूरला जायचा रस्ता

बाबा : मॅडम, कागद सगळे बरोबर आहेत. परवाना आहे, विमा आहे, धुराचं सर्टिफिकेट गेल्याच महिन्यातलं आहे. वजन जास्त वाटत असेल तर तसं सांगा, गाडी बाजूला घेतो.

मुलगी : बाबा, गाडी काका चालवताहेत. आणि गाडीत वजन म्हणजे तू, मी, माझ्या तीन वह्या आणि काकांचं पोट. पोट सोडलं तर बाकी सगळं नियमात आहे.

काका : पोटाला नावं ठेवू नकोस. अकरा वर्षं तुझ्या बाबाच्या शेजारी बसून कमावलंय ते.

बाबा : बघा मॅडम, माझा क्लीनर कधी खोटं बोलत नाही. ए, उतर खाली. मॅडमना ताडपत्री वर करून दाखव.

काका : उस्ताद, आज ताडपत्री नाही. ट्रकच नाही. भाड्याची व्हॅन आहे, मागे नुसत्या सीटा.

बाबा : मग माल कुठे आहे?

मुलगी : माल मी आहे! इकडे बघ. नीट बघ. हे नाक बघ, हे तुझंच नाक आहे, यावरून सगळा वर्ग मला चिडवतो. सांग, मी कोण?

बाबा : चेकिंगच्या नवीन मॅडम.

मुलगी : झालं! काका, आठ महिने हेच चाललंय. तुम्हाला बरोबर ओळखतो. खालच्या मजल्यावरच्या मांजरीला ओळखतो. आणि मी मॅडम!

काका : बढती मिळाली समज.

मुलगी : नकोय मला बढती. मला परत भिंगरी व्हायचंय. आणि आज होणारच आहे, तुम्ही बघाच. असा प्लॅन केलाय मी! बाईंनी भूगोलाच्या प्रोजेक्टला दहापैकी नऊ दिले होते, याला अकरा द्यावे लागतील.

काका : प्लॅन कळला मला फोनवर. जुना रस्ता, जुन्या थांब्यांवर थांबायचं.

मुलगी : थांबे नाही हो, ठिकाणं. निवांतपूरची ठिकाणं! तुम्हाला माहितेय ना निवांतपूर?

काका : मी तिथेच असायचो की, बूथच्या बाहेर. हा आत फोनवर तुला गोष्ट सांगायचा आणि मी बाहेर रांगेतल्या लोकांच्या शिव्या खायचो. रोज संध्याकाळी सात म्हणजे सात. एकदा टायर फुटला, जॅक लावलेला तसाच ठेवून हा फोनकडे पळाला. म्हणाला, गोगलगाय पुलावर अडकलीय, तिला सोडवून येतो.

मुलगी : सुसाट! तिचं नाव सुसाट. पाठीवर पेटी घेऊन निवांतपूरला निघालेली गोगलगाय. फोनवरचं सगळं मी वह्यांत लिहून ठेवायचे. दुसरी वही, पान एकोणीस, पुलावर पाऊस आणि सुसाट पेटीखाली लपते. बाबा, आठवतं? मी विचारलं होतं, पेटीत काय आहे?

बाबा : पेटी सील आहे, मॅडम. सील तोडायचा मला अधिकार नाही. माल पोचवायचा, बस.

मुलगी : अगदी हेच म्हणाला होतास! काका, ऐकलंत? शब्द न् शब्द! आठवतंय त्याला!

काका : पोरी, तो हे प्रत्येक नाक्यावर म्हणायचा. खऱ्या पेट्यांबद्दल.

मुलगी : तुम्ही ना, काका, उत्साहावर पाणी ओतायचा कोर्स केलाय का कुठे?

काका : तसं नाही गं. फार उंच उडी मारू नकोस एवढंच म्हणतोय.

मुलगी : मारणार. कारण आई म्हणालीय, "त्यांनी तुला एकदा, अगदी एकदाच, तुझ्या नावानं हाक मारली तर सोमवारचं मी रद्द करते." स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाली. साक्षीदार मी आणि कुकर.

काका : वहिनी मलाही म्हणाल्या तसं.

मुलगी : मग? सोमवारी त्याला त्या संस्थेत कायमचं ठेवायला न्यायचं आहे. आज शनिवार. म्हणजे आज आणि उद्या. एक हाक, काका. एका हाकेचं काम आहे.

बाबा : कुणाला हाक मारायची आहे? माझा आवाज मोठा आहे, मॅडम. मी मारतो.

मुलगी : हो बाबा, तूच मार. तुलाच मारायची आहे.

काका : वजनकाटा आला बघ. डावीकडे.

मुलगी : आला! थांबवा, थांबवा! बाबा, बघ, पहिली वही, पान तीन. "निवांतपूरच्या वाटेवर एक राजा बसतो. त्याला मुकुट नाही, पण त्याच्यासमोर एक लोखंडी गालिचा आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो गालिच्यावर उभं करतो आणि पोटात किती काळजी आहे ते मोजतो. काळजी जास्त भरली तर म्हणतो, अर्धी इथे उतरवा, मग पुढे जा." हा तो गालिचा! आणि काचेमागे राजा! बघ, पेपर वाचतोय राजा!

बाबा : हा काटा खातो.

मुलगी : काय खातो? काळजी?

बाबा : वजन. दरवेळी शंभर किलो जास्त दाखवतो. साहेब लोकांनी याची तपासणी करायला पाहिजे. तुम्ही लिहून घ्या.

मुलगी : लिहून घेते. आणखी?

बाबा : आणखी काही नाही. चाकं सरळ ठेवायची. काट्यावर ब्रेक मारायचा नाही.

मुलगी : आणि राजा?

बाबा : कोण राजा?

काका : चल, निघू या. मागे गाड्या लागल्यात.

मुलगी : ठीक आहे. पहिल्याच ठिकाणी कोण ओळखतं? वॉर्म अप होता हा. पुढचं बघा, पुढे काळ्या बांगड्यांची म्हातारी आहे. ती माझी सगळ्यात आवडती. तिच्या अंगणात काळ्या बांगड्यांचे डोंगर, आणि ती म्हणते, "ज्याची बांगडी फुटली त्यानं रडू नये, माझ्याकडे यावं." मी तेव्हा आईची एक बांगडी फोडली होती ना, मी खरंच आईला म्हटलं, चल त्या आजीकडे.

काका : टायरवाली. तोंडानं तिखट, पण पंक्चर असं काढायची की ट्यूब विसरून जाईल आपण फुटलो होतो ते. तुझ्या बाबाला म्हणायची, "तू फोनवर बोलतोस तेवढं बायकोशी बोललास तर संसार सुखाचा होईल."

मुलगी : आईशी फक्त "पोरीला दे" एवढंच बोलायचा. आई अजून ऐकवते.

बाबा : टायर बघून घ्या. मागचा डावा बसलाय.

काका : नाही बसला, उस्ताद. मी सकाळीच बघितला.

मुलगी : काका, किती लांब आहे?

काका : मागे राहिलं.

मुलगी : काय मागे राहिलं?

काका : तिची जागा. आत्ता तो काचेचा पंप गेला ना, जिथे गाड्यांना चार्जिंग लावलेलं होतं? तिथेच होती ती. मीही ओळखीची खूण शोधत होतो. कडुनिंब सुद्धा काढलाय.

मुलगी : मग मागे घ्या ना गाडी!

काका : मागे घेऊन काय बघणार, बाळा?

मुलगी : एखादा टायर. एक तरी. कुठेतरी मातीत अर्धा पुरलेला असेल.

बाबा : मॅडम, एक विचारू? इथे जवळ फोन कुठे आहे?

मुलगी : फोन? कशाला रे?

बाबा : सातला करायचा असतो. चुकवून चालत नाही. घरी मुलगी वाट बघते.

मुलगी : बाबा, आत्ता साडेअकरा वाजलेत. आणि कशाला हवा फोन? मी आहे ना इथे, तुझ्यासमोर! बोल माझ्याशी, काय बोलायचंय ते.

बाबा : तुमच्याशी काय बोलणार? तुम्ही कागद बघा.

काका : नंबर लक्षात आहे का, उस्ताद?

बाबा : नंबर विसरेन होय? बायकोचं नाव विसरेन, नंबर नाही विसरणार. शेवटी शून्य सात.

मुलगी : बरोबर आहे. आईचा जुना नंबर. आता तो फोन माझ्याकडेच असतो, हा बघा, स्क्रीनला चीर गेलेला. आईला हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात फोन न्यायला बंदी आहे, म्हणून मला दिला. बाबा, ती मुलगी मीच आहे. माझ्या खिशात आहे तो फोन.

बाबा : असं म्हणू नका, मॅडम. माझी मुलगी लहान आहे. एवढीशी. खुर्चीवर चढून फळीवरचा फोन घेते.

मुलगी : काका, एसी आहे का गाडीत? डोळ्यात काहीतरी जातंय.

काका : खिडकी लाव.

मुलगी : पुढचं ठिकाण. काही बिघडलेलं नाही. तिसरं ठिकाण एवढं मोठं आहे की ते कुणी काढूच शकत नाही. ढगांचा कारखाना! चार गोल भिंती, आभाळाएवढ्या, आणि वरून ताजे ढग निघतात. निवांतपूरचे लोक तिथून घरपोच ढग मागवतात. कुणाला उशी करायला, कुणाला दुपारची सावली करायला. सुसाटनं एक छोटा ढग मागितला, तर मॅनेजर म्हणाला, "लहान साइज संपली, उद्या या." मी इतकी हसले होते की आईनं फोन काढून घेतला.

काका : वीज केंद्र ते. त्या गोल भिंती पाणी गार करायच्या. वाफ निघायची.

मुलगी : माहितेय हो, आता दहावीत आहे मी. विज्ञान दोनमध्ये आहे ते. पण दिसायला ढगच ना?

बाबा : डावीकडे घे. डावीकडे. वळणावरून दिसतं.

मुलगी : काका! त्याला रस्ता आठवतोय! बाबा, काय दिसतं वळणावरून? सांग. मी डोळे मिटते, तू सांग.

बाबा : दिसतं ना.

मुलगी : काय?

बाबा : चार...

मुलगी : हं, चार! चार काय?

बाबा : चार होते.

काका : डोळे उघड, पोरी.

मुलगी : हे काय? दोनच आहेत. आणि ढग?

काका : बंद पडलंय केंद्र. दोन पाडले, दोन पाडायचेत. बोर्ड लावलाय बघ, लांब उभे राहा म्हणून.

मुलगी : एक ढग पण नाही.

काका : नाही.

मुलगी : तुम्हाला माहीत होतं?

काका : ऐकून होतो.

मुलगी : आणि बोलला नाहीत! मी काल तासभर तुम्हाला फोनवर वह्या वाचून दाखवल्या, तुम्ही "हो का, हो का" करत राहिलात!

काका : तू इतक्या आनंदात वाचत होतीस. कुठे तोडणार?

बाबा : मॅडम, भांडू नका. त्याची चूक नाही. गाडीला जबाबदार मी आहे.

मुलगी : तू गप्प बस, बाबा! सॉरी. सॉरी, सॉरी. पाणी पितोस? ओठ सुकलेत तुझे. काका, बाटली कुठे ठेवली?

काका : माझ्याकडे आहे. देतो.

मुलगी : ती रिकामी आहे. मागच्या सीटखाली दुसरी असेल, मी बघते.

काका : मागे काही नाही. पुढे दुकान येईल, तिथे घेऊ.

मुलगी : आहे ना, हात लागला मला. ही बाटली नाही. बॅग आहे. आमची बॅग आहे ही. आईची, माहेरून आणलेली, तुटक्या चेनची. ही इथे कशी?

काका : ठेव ती खाली.

मुलगी : यात बाबाचे शर्ट आहेत. सहा शर्ट. त्याच्या वहाणा. त्याचा टॉवेल. आणि प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून लाल दोऱ्यानं त्याचं नाव घातलंय.

काका : पोरी...

मुलगी : आठ दिवस आई शिवत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, हॉस्पिटलच्या कपड्यांवर खुणा घालतेय. मी तिला सुईत दोरा ओवून दिला, काका. तिला जवळचं दिसत नाही ना, म्हणून मी ओवून दिला!

काका : तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. नाव लागतं.

मुलगी : कुठे तिथे? आपण कुठे चाललोय?

काका : तुला कळलंय कुठे ते.

मुलगी : सोमवार म्हणाली होती! सोमवार!

काका : खाट आज रिकामी आहे. आज नाही घेतली तर दुसऱ्याला जाते. काल त्यांचा फोन आला. वहिनी म्हणाल्या, हिला तिच्या मनासारखं हिंडू द्या सगळं, आणि मग ह्यांना तिकडे सोडा.

मुलगी : आणि ती स्वतः का नाही आली?

काका : कारण त्या आल्या असत्या तर गाडी परत घरी गेली असती. त्या स्वतःच म्हणाल्या तसं.

मुलगी : आणि ते वचन? ती एक हाक?

काका : ते वचन खरं आहे. आजही हाक मारली तर मी गाडी वळवतो, तशी वहिनींची परवानगी आहे मला. पण हे चालू कसं ठेवायचं, सांग. दोनदा हा उड्डाणपुलावर सापडला, चालत, ट्रकला हात करत. गॅस चालू ठेवून बाहेर निघून गेला. तू घरी बसतेस म्हणून वहिनी धुलाईखान्यात जाऊ शकतात. तुझी हजेरी किती भरलीय शाळेत?

मुलगी : तो विषय नाही आत्ता.

काका : तोच विषय आहे. तुझ्या बाईंनी वहिनींना बोलावलं होतं. परीक्षेला बसू देणार नाहीत म्हणाल्या.

मुलगी : मग नाही बसणार! पुढच्या वर्षी बसेन. परीक्षा दरवर्षी येते. बाबा दरवर्षी येतो का?

बाबा : मॅडम, एक सांगू? रडू नका. नोकरीत असं होतं. आमच्या मालकांचं बोलणं पण फार लागायचं मला. संध्याकाळी फोन केला की उतरायचं सगळं.

मुलगी : बाबा, मला भिंगरी म्हण. नुसतं म्हण. ओळखू नकोस, चालेल. मी सांगतेय म्हणून म्हण. भिं-ग-री.

बाबा : ते माझ्या मुलीचं नाव आहे.

मुलगी : हो!

बाबा : मग तुम्हाला कसं म्हणणार? बरं दिसत नाही ते.

काका : पुसून घे तोंड. घे, माझा रुमाल घे. स्वच्छ आहे, एकाच बाजूनं वापरलाय.

मुलगी : हसवू नका मला.

काका : नाही हसवत.

मुलगी : ते झोपाळू फाटक तरी आहे का? रेल्वेचं. जे दिवसभर आडवं पडून झोपतं आणि गाडी गेली तरी उठत नाही?

काका : वरून पूल झाला. आपण आत्ता त्याच पुलावर आहोत. खाली असेल, गंजून पडलेलं.

मुलगी : म्हणजे आपण फाटकाच्या डोक्यावरून गेलो. आणि ते झोपलेलंच.

काका : हं.

मुलगी : तिसरी वही अर्धी कोरी आहे, काका. सुसाट वेशीपर्यंत येते आणि संपतंच. कंपनीनं तो रस्ता बंद केला, बाबा घरी आला, डेपोत रखवालदार झाला, आणि गोष्ट राहिली. मी विचारलंच नाही. नऊ वर्षांची झाले होते ना. मैत्रिणींसमोर लाज वाटायची, एवढी मोठी घोडी आणि गोगलगायीची गोष्ट! तो एकदा म्हणाला पण, "भिंगरे, सुसाट उभीच आहे गं वेशीवर." मी म्हटलं, "उद्या, बाबा. आज होमवर्क आहे." सहा वर्षं उद्या.

काका : पोरं असंच म्हणतात.

मुलगी : मी म्हणायला नको होतं.

बाबा : हळू. हळू घे. हॉर्न वाजवू नको.

काका : नाही वाजवत, उस्ताद.

बाबा : इथे हॉर्न वाजवत नाहीत. बोर्ड असतो. आहे का बोर्ड?

काका : आहे. "शांतता राखा."

बाबा : बघ! आणि ते घड्याळ बघ, भिंतीवर. एकच काटा. दुसरा दमला आणि सुट्टीवर गेला.

मुलगी : बाबा?

बाबा : आणि खुर्च्या बघा, मॅडम. झाडाखाली ओळीनं. कुणाला घाई नाही. तुम्ही त्यांना विचारा, कुठे निघालात? ते म्हणतील, निघालो नाही, आलोय.

मुलगी : काका, हे पान पाच आहे. पहिली वही, पान पाच. हॉर्न नाही, एका काट्याचं घड्याळ, आणि सगळे बसलेले. निघालो नाही, आलोय. शब्द न् शब्द.

काका : हीच संस्था आहे, बाळा. हे फाटक. आपण पोचलो.

बाबा : आलं की निवांतपूर! इतकी वर्षं रस्त्यावरून जायचो, पण हे कधी लागलंच नाही. मला वाटायचं, आपण उगाच बनवतोय. आहे खरं. आहे बघा, मॅडम!

मुलगी : नाहीये, बाबा. हे ते नाहीये. चल, आपण परत जाऊ.

बाबा : तो माणूस बघा, एकाच कुंडीला पाणी घालतोय. मघापासून. कुंडी भरून वाहिली तरी घालतोय. कोण रागावत नाही त्याला. किती छान!

मुलगी : काका, मी याला उतरू देणार नाही.

काका : तो उतरलाय.

मुलगी : बाबा! थांब! बॅग... तुझी बॅग तरी घे.

बाबा : द्या इकडे. सील नीट आहे ना? तुम्ही उघडली नाहीत ना?

मुलगी : नाही. नाही उघडली.

बाबा : चांगल्या आहात तुम्ही. पहिल्यांदा वाटलं, कडक आहेत. मॅडम, आत फोन असेल ना?

काका : ऑफिसमध्ये आहे, उस्ताद. मी सांगून ठेवतो, सातला लावून देतील. कागदांवर सही करून येतो मी. तू इथेच थांब, पोरी.

मुलगी : बाबा, मी जाऊ?

बाबा : जा, जा. तुमची ड्यूटी संपली असेल. घरी वाट बघत असतील.

(संध्याकाळचे सात. कागदपत्रांत दिवस गेला, व्हॅन नुकतीच परतीच्या रस्त्याला लागली आहे. मुलीच्या मांडीवरचा चीर गेलेला फोन वाजतो.)

काका : उचल.

मुलगी : आईचा असेल. मला नाही बोलायचं तिच्याशी.

काका : सात वाजलेत. उचल.

मुलगी : हॅलो.

बाबा : भिंगरे!

मुलगी : कोण?

बाबा : आता बाबाचा आवाज पण विसरलीस का गं? भिंगरी, अगं मी! खुर्चीवरून पडली नाहीस ना?

मुलगी : काका! काका, भिंगरी म्हणाला! ओळखलं त्यानं मला, नावानं हाक मारली, वळवा, गाडी वळवा!

काका : घेतो बाजूला. इथे दुभाजक आहे, पुढून वळतो. तू बोलत राहा.

मुलगी : बाबा, मी आहे! मीच आहे! आम्ही येतोय तुला न्यायला, दहा मिनिटांत!

बाबा : तू कशी येशील? वेडाबाई. किती लांब आहे इथून. दात पडला का?

मुलगी : दात?

बाबा : पुढचा. काल हलत होता म्हणालीस. सफरचंद खाताना दुखतो म्हणालीस.

काका : वळण आलंय. वळवू?

मुलगी : थांबा, काका.

बाबा : हॅलो? गेला का फोन? भिंगरी?

मुलगी : आहे, बाबा. पडला. दात पडला आज.

बाबा : रडलीस?

मुलगी : नाही. म्हणजे थोडी. आईनं जपून ठेवलाय.

काका : पोरी, सांग. वळवू का? वहिनींनी वचन दिलंय.

मुलगी : नको.

काका : हाक मारलीय त्यानं.

मुलगी : फोनवर मारलीय. आत गेले की परत मॅडम होईन. इथे आहे मी, तोपर्यंत आहे. सरळ चला.

बाबा : कुणाशी बोलतेस?

मुलगी : आईशी. तू सांग ना. आज कुठे पोचलास?

बाबा : अगं, तुला खरं वाटणार नाही. सुसाट वेशीतून आत गेली! मी पण बरोबर होतो. एका काट्याचं घड्याळ आहे. खुर्च्या आहेत, झाडं आहेत. मला एक खाट दिलीय खिडकीजवळची. पण रस्त्यात एक गंमत झाली, चेकिंगच्या मॅडमनी सकाळपासून पकडून ठेवलं.

मुलगी : कडक होत्या?

बाबा : नाही गं. बिचारी फार रडत होती. मोठी मुलगी, पण काहीतरी हरवलं होतं तिचं. मला सारखं विचारत होती. मला काही सांगता येईना. कुणीतरी तिला घरी सोडायला पाहिजे होतं. पोचली की नाही, कोण जाणे.

मुलगी : पोचेल. तिच्याबरोबर कुणीतरी आहे.

बाबा : मग बरं झालं.

मुलगी : बाबा, पेटीत काय होतं?

बाबा : कुठल्या पेटीत?

मुलगी : सुसाटच्या. आता पोचली ना ती? आता सांग. माझा होमवर्क झालाय.

बाबा : अं हं. ते फोनवर नाही सांगायचं. ते घरी आल्यावर.

मुलगी : कधी येशील?

बाबा : हा काय, उद्या. आज गाडी उभी आहे, रस्ता मोकळा झाला की निघतो. इथे मागे कुणीतरी फोनसाठी थांबलंय गं, ठेवू का?

मुलगी : ठेव.

बाबा : मग म्हण की रोजचं.

मुलगी : सावकाश ये, बाबा.